महादू मिस्त्रींचे दोन घाव

महादू मिस्त्री म्हटलं की मला आधी आठवतो तो निळा उजेड. पोलादपूरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो भर दुपारी थरथरत असायचा, आणि बाहेरचं आश्विनातलं ऊन, पिवळं पडू लागलेलं भात, सारंच क्षणभर विझल्यासारखं वाटायचं. मग उजेड थांबे, काळी काच खाली येई आणि तिच्यामागून लालसर, पाणावलेले डोळे दिसत. वेल्डिंग करणाऱ्याचे डोळे असेच असायचे, असं मी गावी जाता-येता धरून चाललो होतो.

प्रत्यक्ष गाठ पडली ती एकदाच. डोंगरावरच्या आमच्या वाडीतून चुलत्यांचा फोन आला, बाबांनी अन्न सोडलंय, तुझंच नाव घेताहेत. शेजाऱ्याची जुनी जीप घेऊन मी मुंबईहून निघालो. महाड मागे पडलं आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागलं, म्हणून शेडपाशी थांबलो. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि चाकं वळवणारा लोखंडी दांडा सोडवून बाहेर आले. चिंधीने पुसला तशी त्यावरची चीर दिसली, जवळजवळ आरपार गेलेली. आजाऱ्याचं कपाळ चाचपावं तशी त्यांची बोटं तिच्यावरून फिरली.

“नाय जोडणार,” ते म्हणाले. “बाकी कायपन जोडीन. स्टिअरिंगचा दांडा नाय.”

“मिस्त्री, बाप शेवटच्या घटका मोजतोय. घाट चढेपर्यंत टिकलं तरी पुरे.”

“माझा भाऊ पन असाच बोललेला. मीच दिला जोडून. घाटातून परत नाय आला तो.”

दुसऱ्याचं दुःख ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. जोडू नका, आहे तसा बसवून द्या, मी हळू जाईन, असं म्हणून मी दांड्याला हात घातला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, ऐरणीवर ठेवला आणि हातोडीचे दोन घाव घातले. दोन तुकडे झाले. मी त्यांना नाही नाही ते बोललो. बोलू नये ते, त्यांच्या भावावरूनही बोललो. त्यांनी शेडचं दार ओढलं, स्कूटर काढली आणि एवढंच म्हणाले, “बसा मागं.”

स्कूटर धापा टाकत चढत होती आणि त्यांच्या सदऱ्याला येणारा जळक्या लोखंडाचा वास माझ्या तोंडावर येत होता. शेवटचा चढ तिला झेपेना, तो आम्ही चालत गेलो. ऊन तिरपं झालं होतं. वरून बायकांचं रडणं ऐकू आलं.

बाबा अर्ध्या तासापूर्वी गेले होते. जीपने मी पोचलो असतो. किंवा मुळीच पोचलो नसतो.

वाडीतली धडधाकट माणसं सगळी मुंबईला. मडकं धरून मी पुढे, आणि तिरडीला खांदे तीनच, तेही म्हाताऱ्यांचे. कुणी काही बोलायच्या आत महादू मिस्त्रींनी चपला काढल्या आणि चौथ्या कोपऱ्याखाली खांदा दिला. उतारावर तोल सावरताना त्यांचा हात कापडावर पडला. चितेवर ठेवलं तेव्हाही त्या पांढऱ्या कापडावर काळी बोटं उमटलेली होती.

मी त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही; शेडमधली जीप आणायलाही नंतर दुसऱ्यालाच पाठवलं. राग होता, आणि खोटं कशाला सांगू, थोडा अजूनही आहे. पुढच्या वर्षी शेड नव्हती. रस्ता रुंद झाला होता, आणि मिस्त्री कुठे गेले ते चहावाल्यालाही ठाऊक नव्हतं.

काळाने बाबांचा चेहराही आता पुसट करत आणला आहे, पण ती काळी बोटं तेवढी पुसली जात नाहीत. आणि त्या माणसाला क्षमा करायची की त्याची क्षमा मागायची, हे ठरेल त्या दिवशी जाऊन सांगायला तिथे कुणी नाही.