पडणाऱ्या माणसांची तपासणी

लोअर परळच्या एका ऑफिसात वैशालीचं काम होतं, माणसं नीट मरतात की नाही ते बघायचं. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या एका गेमची ती टेस्टर होती. दिवसाला दोन-तीनशे माणसं मारायची. पडताना कुणाचा पाय भिंतीत घुसतोय का, कोपर भलतीकडे वळतंय का, किंकाळी मागाहून येतेय का, हे परत परत चालवून बघायचं आणि लिहून ठेवायचं. चार वर्षं ती हे करत होती आणि चांगलं करत होती. घरी कुणी विचारलं तर 'कॉम्प्युटरवर चुका शोधते' एवढंच सांगायची. ते काही खोटं नव्हतं.

घोडपदेवच्या चाळीत ती, नवरा विकास आणि सासू कांताबाई अशी तिघं राहत. विकास दादरला चष्म्याच्या दुकानात कामाला. कांताबाई परळच्या इस्पितळात तीस वर्षं आया होत्या, आता निवृत्त. एप्रिलच्या एका रविवारी सकाळी, चौदा तारखेच्या भीमजयंतीला चार दिवस राहिले असताना, त्यांना पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतल्या पांढऱ्या साड्या हव्या होत्या. विकास दुकानात गेलेला. चहा झाला की मी चढते, असं वैशाली म्हणाली होती, पण कांताबाईंना तेवढा दम कुठला. त्या चढल्या, आणि उतरताना शिडीवरून पाय सटकून साड्यांच्या गठ्ठ्यासकट खाली आल्या.

वैशालीनं ते पडणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. डावा हात अंगाखाली गेला, मनगट मागे वळलं. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की मनगट एवढं वळत नाही, हे चुकलंय. ती थांबली, जणू आता ते परत चालवून बघायचं होतं. कांताबाई कळवळून ओरडल्या. शेजारच्या बकुळामावशी धावत आल्या, "अगं, धर ना त्यांना," म्हणाल्या, तेव्हा कुठे वैशालीनं हातातला कप ओट्यावर ठेवला. नीट ठेवला, टाकला नाही. पुढे कितीतरी दिवस तिला तो कपच आठवत राहिला.

इस्पितळात एक्स-रेच्या रांगेत तासभर गेला. एक माणूस हातातला कागद पुढे करत मधेच घुसला. वैशालीनं त्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर रेटलं. तो घाबरून म्हणाला, बाबांना चक्कर येतेय, फक्त विचारायला आलो होतो. तिनं कॉलर सोडली. रांगेतली माणसं तिच्याकडे बघत होती. सासूला धरायचं ज्या हाताला सुचलं नव्हतं, त्याला परक्याची कॉलर मात्र एका क्षणात सापडली होती.

मनगट मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर पडलं. वैशालीनं विकासला सगळं सांगून पाहिलं. धक्का बसला की माणूस थिजतं, असं म्हणून त्यानं विषय संपवला. तिचा काही संपेना. ती जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून करी रोडच्या पुलापर्यंत चालत जायची आणि परत यायची. फोनवर वाचत सुटायची. एक म्हणे, असले गेम खेळून दुसऱ्याचं दुखणं जाणवेनासं होतं; दुसरा म्हणे, असं काही सिद्ध झालेलं नाही; तिसरा म्हणे, ते माणसामाणसावर आहे. तिच्याच टीममधला हेरंब शाळेपासून हे गेम खेळत आलेला, आणि ऑफिसखालच्या मांजरांना रोज खायला घालणारा तोच. मला तर काही झालं नाही, असं तो म्हणाला. टीमचा प्रमुख अभय म्हणाला की हल्ली तो घरी फार ओरडतो, पण ते कामाच्या ताणामुळे. यातून तिनं काय घ्यायचं?

मग ती स्वतःलाच तपासू लागली. कूस बदलताना कांताबाई कण्हल्या की त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायची: वाटतंय का मला काही? जितकं निरखावं तितकं कमी वाटायचं.

जयंतीच्या सकाळी ती कांताबाईंना पांढरी साडी नेसवत होती. प्लॅस्टरचा हात सांभाळत निऱ्या खोचत असताना कांताबाई हळूच म्हणाल्या, "तू बघत उभी होतीस."

वैशाली तिथेच जमिनीवर बसली आणि तिनं पहिल्यांदाच आपलं काम नेमकं काय आहे ते सांगितलं. मनगट वळताना काय मनात आलं, तेही सांगितलं. कांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"वॉर्डात लागले तेव्हा महिनाभर मला जेवण जात नव्हतं," त्या म्हणाल्या. "मग जायला लागलं. पुढे कुणी कितीही ओरडू दे, काही वाटायचं नाही, खरं सांगते. पण हात जायचे गं पुढे. रोज तेच करून घेतलं होतं त्यांच्याकडून. तुझ्या हातांनी चार वर्षं काय केलं?"

"परत चालवून बघितलं. आणि लिहून काढलं."

"मग त्या दिवशी तेच करायला निघाले असतील."

कांताबाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर वैशालीला बरं वाटलं असतं.

तिनं अभयकडे दुसरं काम मागितलं. गेम बाजारात येऊ दे, जूनमध्ये बघू, असं तो म्हणाला. ती थांबली, पण आता पडद्यावर माणूस पडला की तिचं लक्ष उडायचं. ढळढळीत चुका तिच्या नजरेतून सुटू लागल्या. हेरंब गुपचूप सावरून घ्यायचा. तिसऱ्या आठवड्यात ती अभयसमोर जाऊन उभी राहिली आणि उद्यापासून मी हे करणार नाही, काढायचं तर काढा, असं तिनं सांगितलं. अभयनं काढलं नाही. लहान मुलांच्या अंकांच्या गेमवर टाकलं, नुकत्याच लागलेल्या पोरींच्या शेजारी. तिथे चुकलं तर फुगा फुटायचा, एवढंच. तरी पहिले काही दिवस दर फुग्याला तिचा अंगठा दचकायचा.

प्लॅस्टर निघालं तेव्हा कांताबाईंचं मनगट वाळून गेलं होतं आणि वळत नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या मेघना मॅडमनी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, मी दाखवते एवढंच वळवायचं. दुखेल, पण दया दाखवून बंद करू नका, नाहीतर हात असाच राहील. घरी विकासला ते बघवेना. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्यामुळे ते वैशालीकडेच आलं.

तिनं मनगट धरलं, दाखवलं होतं तेवढं वाकवलं. तिसऱ्या वेळेला कांताबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, "आई गं" निघालं, आणि वैशालीनं झटकन मनगट सोडून दिलं. मलाही दुखलं, असं वाटून तिला क्षणभर हायसं झालं. लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. समोरचं माणूस कळवळतंय आणि आपण आपलंच मोजतोय.

"थांबलीस का?" कांताबाई म्हणाल्या. "सात राहिलेत."

"तुम्हाला दुखतंय, आई."

"मला ठाऊक आहे. तू कर."

वैशालीनं पदराच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले, हात पुन्हा आपल्या मांडीवर घेतला आणि चौथ्यांदा वाकवला.