पंख्यावरचं कुंकू

माझ्या हातचं मशीन परत येत नाही, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत असे. जळगावात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आमच्या घरात सगळे डाळीच्या धंद्यात. मी एकटाच या वायरींच्या गुंत्यात पडलो, म्हणून अंगात थोडी मिजासही होती.

जवळच्या असोद्याची मेघा दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडून मशीन अपग्रेड करून घेऊन गेली. नवा प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा नवा कूलर, नवं ग्राफिक्स कार्ड. पोरगी गोळीबाराचा गेम खेळायची आणि इतका चांगला खेळायची की पुण्याच्या एका टीमनं तिची चाचणी ठेवली होती, घरूनच, ऑनलाइन. निवड झाली तर पगार आणि पुण्यात राहायची सोय. वडिलांना ही सगळी थेरं वाटायची. तिच्या आईनं, म्हणजे ताईबाईंनी, मध्ये पडून तिच्यासाठी एक वर्ष मागून घेतलं होतं, आणि ते वर्ष या चाचणीला संपत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी रिक्षातून मशीन घेऊन आल्या. मेघा म्हणाली, सुरुवातीला सेकंदाला एकशे चाळीस फ्रेम मिळतात, दहा मिनिटांत पंचवीसवर येतात, चित्र अडकत अडकत चालतं. आधी याहून बरं चालायचं. चाचणी दोन दिवसांवर आली होती. मी ड्रायव्हर बदलले, रॅम काढून पुन्हा बसवली, केबल तपासली. प्रोसेसरचं तापमान शंभराला टेकत होतं, म्हणून मशीन आपोआप मंदावत होतं. मग वरची जाळी काढली आणि मला कारण सापडलं. पंख्यावर कुंकू, पात्यांत अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. घरच्या ट्रॅक्टरची पूजा केली तशी ताईबाईंनी याचीही केली होती, अगदी मनापासून, मूठभर कुंकवानं.

माझं डोकं फिरलं. भरल्या दुकानात मी त्या बाईला म्हणालो, ‘अक्का, हा काय ट्रॅक्टर आहे का? पोरीचं मशीन तुम्हीच मारलं.’

मेघानं आईकडे पाहिलं. मी ब्लोअर मारून सगळं उडवलं, दोन मिनिटं गेम चालवून दाखवला, एकशे चाळीसचा आकडा दिसला तसं मशीन बंद करून हातात दिलं. दहा मिनिटं थांबायला मला सवड नव्हती.

चाचणीत अकराव्या मिनिटाला चित्र पुन्हा अडकलं. टीमनं दुसरी संधी दिली नाही. मेघानं फोनवर एवढंच विचारलं, कुंकू आत राहिलं असेल का? मी म्हणालो, राहिलंच असणार.

मार्चमध्ये ताईबाई एकट्याच मशीन विकायला आल्या. मेघा आता चाळीसगावला मावशीकडे राहते, तिथल्या मोबाइलच्या दुकानात दिवसभर उभी असते, असं त्यांनी सांगितलं. आईशी पाच महिने बोललेली नाही. फोन केला तर मावशीच उचलते.

विकत घेण्याआधी मी कूलर खोलला. तो प्रोसेसरला जिथे टेकतो, तिथे तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली होती. ती सोलून मगच कूलर बसवतात. बसवला मी होता. उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती. कुंकवानं त्या मशीनचं काहीच बिघडलं नव्हतं.

फिल्म काढली, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, कूलर बसवला, गेम सुरू केला. या वेळी अर्धा तास थांबलो. आकडा एकशे चाळीसच्या खाली उतरला नाही. ताईबाई स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत होत्या.

‘आता चालतं का मंग?’ त्यांनी विचारलं.

‘चालतं.’

‘काय व्हतं अमनभाऊ?’

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मला माझ्या नावाची काळजी पडली. लाज वाटत होती, तरी तोंडातून तेच निघालं.

‘कुंकूच होतं, अक्का. खोल गेलं होतं.’

त्यांनी मान हलवली. ‘मंग पोरगी बरोबरच म्हनत व्हती,’ त्या म्हणाल्या. ‘माह्याच हातानं झालं.’

निघताना दाराशी थांबल्या. मेघाचा कधी तुम्हाला फोन आला तर तिला एवढं सांगा, म्हणाल्या, की आईनं चूक कबूल केली. मी हो म्हणालो.