गुलाबी पाणी

मंत्री येणार म्हणून प्रयोगशाळेच्या जिन्याला रंग दिला होता आणि तो अजून ओला होता. कठड्याला हात न लावता ताईंनी धाकट्या बहिणीला दंडाला धरून वर नेलं. धाकटीला समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. मधोमध सगळा काळा डाग. मूलपेशींपासून वाढवलेला पडदा तिच्या डोळ्यात बसवायचा होता. पहिली रुग्ण तीच. आज समारंभात ती फॉर्मवर सही करणार होती आणि लगेच मंत्री या संशोधनाला मोठं अनुदान जाहीर करणार होते.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं ताईंना वाटत होतं. याच मजल्यावर त्यांनी तीस वर्षं पेशी वाढवल्या होत्या आणि तीन मंत्री पाहिले होते. पहिल्याने हे पाप आहे म्हणून पेशींच्या कपाटाला सील ठोकलं. दुसऱ्याने त्याच कपाटाची फीत कापली. तिसरा चहा पिऊन गेला. हे सगळं त्यांनी धाकटीला ऐकवलं होतं.

“ताई, तुला देव भेटला तरी तू त्याचं ओळखपत्र मागशील,” धाकटी म्हणाली होती.

आत दिव्यांच्या झोतात काचेची एक बशी मांडलेली होती. बशीतलं पाणी गुलाबी, कॅमेऱ्यात खुलून दिसणारं. ताईंनी सवयीने बशीवरची चिठ्ठी वाचली. पाणी सोमवारी बदललेलं, आज गुरुवार. पेशी जिवंत असल्या की खातात, आणि खाल्लं की पाणी पिवळं पडतं. पूर्वी ताई आणि प्रयोगशाळेतल्या आणखी दोघी बायका रविवारचीही पाळी लावून यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, ‘मुलं जेवली का?’ इथे तर तीन दिवस ताटाला कुणी शिवलंही नव्हतं.

संचालक त्यांचाच विद्यार्थी. नळी धरताना हात कापायचा म्हणून त्याला सगळे थरथऱ्या म्हणत. ताईंनी त्याला बाजूच्या खोलीत घेतलं.

तो ओशाळं हसला. बशीत पेशी नव्हत्याच, नुसतं पाणी होतं. मंत्र्यांच्या कचेरीने सांगितलं होतं की पिवळं पाणी घाण दिसतं, गुलाबी ठेवा. खऱ्या पेशी आत होत्या. त्याने उबेचं कपाट उघडलं आणि पिवळसर पाण्याच्या बशा पाहून ताईंना भरून आलं. आपण उगाच संशय घेतला, असं वाटून त्या मागे फिरणार, इतक्यात त्यांची नजर चिठ्ठीवरच्या तारखेवर गेली.

“या सहा आठवड्यांच्या आहेत. पक्क्या होऊन रंग धरायला चौदा लागतात. शस्त्रक्रिया कधी आहे?”

“तीन आठवड्यांनी.” तो बशांकडेच पाहत होता. “बाई, मंत्र्यांना निवडणुकीआधी एक डोळा दाखवायचाय. नाही म्हटलं तर अनुदान दुसरीकडे जाईल, आणि माझी अकरा माणसं घरी बसतील. नऊ आठवड्यांच्याही चालतील. कदाचित.”

“तुझ्या आईच्या डोळ्यात घातल्या असत्यास?”

त्याने उबेचं कपाट लावून घेतलं.

ताई पहिल्या रांगेत धाकटीशेजारी येऊन बसल्या आणि सगळं हळू आवाजात सांगितलं. धाकटीने एवढंच विचारलं, की कच्च्या पेशी घातल्या तर कडेचं दिसतं तेही जाईल का. जाऊ शकतं, ताई म्हणाल्या.

व्यासपीठावर मंत्र्यांनी स्वतःचं पेन तिच्या हातात दिलं. तिने ते घेतलं, माइक चाचपला आणि म्हणाली, “सही करते. पण तीन आठवड्यांची तारीख खोडा. पेशी तयार व्हायला चौदा लागतात म्हणे. मी थांबते.”

मंत्र्यांनी हसू ढळू न देता संचालकाला विचारलं, या काय म्हणतायत. त्याने एकदा ताईंकडे पाहिलं.

“बरोबर म्हणतायत,” तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या, कशासाठी ते वाजवणाऱ्यांनाही कळलं नसावं. मंत्र्यांनी भाषण पुरं केलं, पण आकडा आला नाही. या कार्याचा सरकार सहानुभूतीने विचार करील, असं ते म्हणाले.

“म्हणजे मिळालं ना गं?” खाली येऊन बसताना धाकटीने विचारलं.

सहानुभूतीने विचार झालेल्या किती फायली धूळ खात पडल्या, ते ताईंना पाठ होतं. त्यांनी बहिणीचा हात आपल्या मांडीवर घेतला.

“आहे ते तरी राहिलं,” त्या म्हणाल्या.