उष्ट्या पुस्तकांची गाडी

मी वाचनालयातली गाडी बोलतेय. गाडी म्हणजे इंजिन-बिंजिन काही नाही. लोखंडी सांगाडा, दोन फळ्या आणि चार चाकं, त्यांतलं एक कायम रुसलेलं. परत आलेली पुस्तकं कपाटात जाईपर्यंत माझ्या अंगावर विसावतात.

माझा जन्म एका कचेरीच्या उपाहारगृहासाठी झाला. जेवणाच्या सुट्टीनंतर खरकटी ताटं गोळा करत फिरायचं, एवढंच काम. साहेबांचं खरकटं आणि शिपायाचं खरकटं सारखंच दिसतं, हे ज्ञान मला तिथे झालं. पुढे उपाहारगृह बंद पडलं. मी जिन्याखाली गंजत पडले, मोडीत निघायच्या बेतात होते. तेवढ्यात इथल्या ग्रंथपाल बाईंची नजर पडली आणि रंगाचा हात देऊन त्यांनी मला वाचनालयात आणलं. नशिबी उष्टंच आलं. पण पुस्तकाचं उष्टं लोक आवडीने उचलतात, हे इथे कळलं.

भिंतींना लागून कपाटं खच्चून भरलेली आहेत. तरी सभासद आत आला की आधी माझ्याकडे वळतो. कोणीतरी नुकतंच वाचलंय, म्हणजे वाचण्यासारखं असणार, असा त्याचा समज. परत करणाऱ्याने ते वाचलंच असेल असं नाही. पण मला विचारतो कोण? इतिहासाचे जाडजूड ग्रंथ बहुधा पहिल्याच लढाईत बसचं तिकीट खुणेला घालून माघारी येतात. साहसकथा येतात त्या फुगून, कारण बादली भरेपर्यंत लोक न्हाणीच्या दारात उभे राहून त्या वाचतात. रहस्यकथा मात्र माझ्यावर नीट टेकतही नाहीत, तोच उचलल्या जातात.

या रहस्यकथांचे आमच्याकडचे मोठे प्रचारक म्हणजे दवंडीकाका. माणूस दिलदार, वाचन दांडगं, पण पोटात गोष्ट राहील तर शपथ. "घेऊन जा वहिनी, जेवण विसराल," म्हणून पुस्तक हातात ठेवायचे आणि वहिनी दारापर्यंत पोचायच्या आत मागून हाळी, "त्या बागेतल्या माळ्यावर नजर ठेवा हं!"

बाई वैतागायच्या. "काका, तुम्ही पुस्तक सुचवता की निकाल जाहीर करता?"

घड्याळजी हे काकांचे साडू. दोघं माझ्या दोन बाजूंना उभे राहून, एकमेकांच्या आवडीला नावं ठेवत पुस्तकं निवडायचे. एकदा काकांनी त्यांना दीपगृहावरच्या खुनाची कादंबरी दिली. बाहेर वादळ, आत अडकलेली माणसं, आणि सकाळी त्यांतला एक मेलेला. काही दिवसांनी घड्याळजी ती घेऊन आले, चेहरा उतरलेला.

"शेवटचं प्रकरण राहिलंय," ते म्हणाले. "बसतो वाचायला, पण अक्षरं डोक्यात शिरत नाहीत. उद्या दवाखान्यात दाखल व्हायचंय. छाती उघडणार आहेत."

काका माझ्यावरची पुस्तकं उगाच सरळ करू लागले.

"गावभर सांगत सुटतोस, मलाही सांगून टाक. खुनी कोण? न जाणो..."

"नाही सांगणार."

"अरे, शेवटची इच्छा समज!"

"शेवटची-बिवटची काही नाही. परत ये आणि वाच."

"काय माणूस आहेस! जन्मभर नको तिथे बोललास, आणि आज तोंडाला कुलूप?"

"ठेव ते पुस्तक इथे," काका म्हणाले. माझ्या फळीची कड त्यांनी अशी काही घट्ट धरली होती की मी अंगभर थरथरले.

पुस्तक माझ्या खालच्या फळीवर राहिलं. बाईंनी ते कपाटात लावलं नाही. कोणी हात घातला की काका म्हणायचे, "ते साडूचं आहे." शस्त्रक्रिया झाली, पण ताप उतरेना, अशी बातमी आली. काका रोज यायचे, माझ्याजवळ उभे राहायचे, कोणाला काहीही सुचवायचे नाहीत. आमचा एक सभासद, टपालवाला, त्यांना मुद्दाम डिवचायचा, "खुनी कोण हो काका?" काका नुसते खिडकीबाहेर बघायचे.

मग एका सकाळी घड्याळजी आले. अर्धे झालेले, बायकोच्या खांद्यावर हात. बाईंनी माझ्याशेजारी खुर्ची सरकवली. त्यांनी पुस्तक उघडलं. काका समोर उभे, ओठ गच्च मिटलेले, कपाळाला घाम. पान उलटलं की काकांचाच श्वास अडकायचा.

आणि घड्याळजी, डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केलेला माणूस, गरजले, "स्वयंपाकी? तो मुका स्वयंपाकी?"

सगळ्या वाचनालयाने ऐकलं. "अहो, माझा नंबर होता ना त्यावर!" टपालवाला कळवळला. शांतता राखायला सांगायचं बाई त्या दिवशी विसरल्या.

"दुसऱ्याची मजा घालवू नये, एवढी अक्कल नाही का रे तुला?" असं म्हणून काकांनी रुमालात तोंड लपवलं, ते बराच वेळ.

आता माझा रंग उडालाय, फळी मधोमध वाकलीय. तरी मोडीतून वाचलेल्या जिवाला याहून काय हवं? वाचकांनो, तुमचे उपकार मोठे आहेत. आवडलेलं पुस्तक परत आणाल तेव्हा माझ्या अंगावर ठेवा आणि पुढच्याला सांगा, हे वाच. त्यापुढे तोंड मिटून घ्या. नाहीच जमलं, तरी वाईट वाटून घेऊ नका. दीपगृहातला खुनी आता इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती कादंबरी माझ्यावर दिवसभर टिकत नाही. घड्याळजी एवढे का ओरडले, ते प्रत्येकाला स्वतः बघायचं असतं.