पालकांना घेऊन ये

भूगोलाच्या सरांना मुलं आपसात 'पुरवणी' म्हणत, कारण सरांचं कुठलंच बोलणं ठरल्या जागेत मावत नसे. हे नाव शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, मोठ्या बाईंनासुद्धा. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, आणि घरी सरांची बायको. फाटकातून आत शिरलं की त्या नवऱ्याला 'सर' म्हणायच्या आणि बाहेर पडलं की 'अहो'. इतकी वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

मग एका सकाळी सातवीच्या वर्गात एका मुलानं पुढच्या बाकावरच्या मुलीला तिच्या रंगावरून आणि केसांवरून एक शब्द मारला. तिचं कुटुंब दूरदेशाहून आलेलं, आणि तो शब्द अशा माणसांना हिणवण्यापलीकडे दुसऱ्या कशाच्याच कामाचा नव्हता. मुलगा नुसता पुटपुटला होता. दोन बाकांपलीकडे कुणाला ऐकूही गेलं नाही. सरांना मात्र गेलं. सर मनाचे चांगले, त्यामुळे घोटाळा मोठा झाला. त्यांनी धडा थांबवला, तो शब्द खणखणीत आवाजात उच्चारला, फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिला, त्याचा उगम सांगितला, कुठल्या मुलखात तो कसकसा वापरतात तेही सांगितलं, आणि शेवटी मुलीला उभं करून म्हणाले, "आता तू सांग बाळ, हे ऐकून तुला कसं वाटतं?"

मुलगी न विचारताच खाली बसली. मधल्या सुट्टीपर्यंत तो शब्द अख्ख्या शाळेच्या तोंडी झाला होता. पाचवीची पोरं त्याच्या तालावर दोरीच्या उड्या मारत होती.

दुपारी मुलीची आई आली. ती शहराची बस चालवायची. दोन फेऱ्यांच्या मधे गणवेशातच आली होती.

"बाई, त्या पोराला अक्कल नाही, हे मी समजू शकते," ती म्हणाली. "पण सर? आणि फळ्यावर?"

"ते समजावून सांगत होते," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि म्हणताक्षणीच त्यांना कळलं की हे बोलली ती बायको. "नाही, चुकलंच त्यांचं. त्या मुलाच्या वडिलांना उद्या बोलावलंय. तुम्हीही या."

शाळा सुटल्यावर बैठक बसली. चित्रकलेच्या बाईंनी भित्तिपत्रकं लावू म्हटलं. गणिताच्या सरांची वेगळीच अडचण होती. ते सकाळी परीक्षेच्या कामात अडकलेले, त्यामुळे शब्द कोणता तेच त्यांना माहीत नव्हतं.

"निर्णय घ्यायचा तर माहीत नको का?"

भूगोलाच्या सरांनी सांगायला तोंड उघडलं. "सर," बाई म्हणाल्या. तोंड मिटलं.

"बरं, कुठल्या अक्षरापासून सुरू होतो तेवढं तरी?"

"सर," बाई आता गणिताच्या सरांना म्हणाल्या.

"पण मी तो वापरलाच नाही," भूगोलाचे सर म्हणाले. "मी उदाहरण म्हणून घेतला."

"पोरानं एकदा म्हटला," खेळाचे सर म्हणाले. "तुम्ही किती वेळा?"

सर बोटांवर मोजू लागले आणि दुसरा हात लागला तेव्हा थांबले.

शाळेचा नियम साधा होता. असं बोलणाऱ्यानं पालकांना घेऊन यायचं आणि समोरच्याची माफी मागायची. "सरांना वेगळा नियम लावला तर त्या पोरासमोर मी कुठल्या तोंडानं बसू?" बाई म्हणाल्या. शिवाय वर्ष संपेपर्यंत सातवीचं वर्गशिक्षकपदही त्यांनी सरांकडून काढून घेतलं.

"मग मीही पालकांना घेऊन येऊ का?" सरांनी टोमणा मारला.

घरी जेवताना सरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "हे तू मुख्याध्यापिका म्हणून केलंस का बायको म्हणून?"

"बायको म्हणून केलं असतं तर बैठकच लागली नसती."

सासूबाईंनी, म्हणजे सरांच्या आईंनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "उद्या किती वाजता यायचं?"

"आई, मी चेष्टेनं म्हटलं होतं."

"मी चेष्टेनं नाही म्हणत."

दुसऱ्या दिवशी कार्यालयाबाहेरच्या बाकावर त्या मुलाचे वडील बसले होते. नळदुरुस्तीचं काम करायचे, हत्यारांची पिशवी पायाशी. शेजारी सासूबाई, ठेवणीतले कपडे घालून.

"तुमचा कितवीत?" वडिलांनी विचारलं.

"माझा शिकवायला आहे."

वडील जरा सरकून बसले. "काय केलं त्यानं?"

"तुमच्यानं केलं तेच. जरा सविस्तर."

आत मुलगी आणि तिची आई आधीच बसल्या होत्या. मुलानं बुटांकडे बघत माफी मागितली. वडिलांनी खांद्याला धरून मान वर करायला लावली, तेव्हा पुन्हा नीट मागितली. मग सर पुढे झाले.

"हे बघ बाळ, कुठलाही शब्द हा मुळात—"

"चुकलास का नाही, तेवढं सांग," सासूबाई म्हणाल्या.

"चुकलो."

"मला काय सांगतोस? तिला सांग."

सर मुलीकडे वळले. "चुकलो मी. तो शब्द परत परत बोलायला नको होता. तुला उभंही करायला नको होतं." त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आपल्या आईकडे पाहिलं, आणि मिटलं.

मोठ्या बाईंनी मुलीला विचारलं, "शाळेनं काय करावं असं तुला वाटतं?"

मुलीनं आधी आईकडे बघितलं. "कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. आणि मग धडा पुढे शिकवा. सगळ्यांनी माझ्याकडे बघायला नको."

"आणि भित्तिपत्रकं?"

"नको. त्यावर माझ्यासारखंच कुणीतरी रडताना काढतील."

चित्रकलेच्या बाईंनी खरोखरच तसं एक काढून ठेवलं होतं. मोठ्या बाईंनी ते मनातल्या मनात फाडलं.

"महिनाभर बघते मी," मुलीची आई उठत म्हणाली, आणि फेरीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात सातवीत दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून तो शब्द निघाला. मोठ्या बाई नेमक्या बाहेरून चालल्या होत्या. त्या दाराआड थबकल्या.

"हे या वर्गात चालणार नाही. सुट्टीत बाईंना भेट, आणि उद्या पालकांना घेऊन ये," आतून सरांचा आवाज आला. मग खडू फळ्यावर टेकल्याचा आवाज. "तर, नदी मैदानात आली की तिचा वेग कमी होतो."

बाई आणखी थोडा वेळ थांबल्या. नदी संथपणे समुद्राकडे चालली होती.

संध्याकाळी मात्र सरांच्यानं राहवेना. ताट समोर येताच त्यांनी सुरुवात केली, वर्गात गिळलेलं सगळंच्या सगळं, मुळापासून. सासूबाई आपलं ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसल्या. मोठ्या बाईंनी "अहो, जेवा आधी" म्हणून पाहिलं, आणि मग हनुवटीला हात लावून ऐकत बसल्या.