ओथ्नियलचं तळघर

"काका, आधी वर या! वायूचं यंत्र ओरडतंय," तळघराच्या तोंडाशी वाकून लोरेटाने हाक मारली.

ओथ्नियल खाली घोटाभर पाण्यात उभा राहून भिंत खरवडत होता. पाणी खारट होतं. त्याने दोनदा चाखून पाहिलं होतं. चार पिढ्यांनी देवमाशाचं मांस जिथे गोठवलं, त्या बारमाही गोठलेल्या जमिनीचा चिखल झाला होता आणि चिखलातून बुडबुडे येत होते.

तो धापा टाकत शिडी चढला. देवमाशाच्या शिकारीला होड्या निघायला आठवडा उरला होता. त्याआधी तळघर रिकामं करायचं, घासायचं, ताजं बर्फ पसरायचं. देवमासा घर पाहूनच स्वतःला शिकाऱ्याच्या हाती देतो, असं गाव मानत आलं होतं. अस्वच्छ घरी तो येत नाही.

"पोरी, चूक माझीच," तो हळूच म्हणाला. "मागच्या वर्षी गुडघा धरला होता. बर्फ टेकडीवरून आणायचं, ते मी किनाऱ्यावरूनच उचललं. लाटांचं मीठ होतं त्यात. मीच जमीन वितळवली. आता मासा कसला येतोय!"

वर्षभर हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

लोरेटा याच गावची. शिकून जमिनीतला वायू मोजायला परतलेली. ती हसली नाही.

"काका, चार घमेली बर्फाने एवढं होत नाही. हवा तापलीय, समुद्रच आत शिरलाय. किनाऱ्यावर बारा ठिकाणी वायू मोजला मी, सगळीकडे हेच. हजारो वर्षं गोठलेली मुळं नि गवत आता कुजतंय. त्याचा वायू वर येतो नि हवा आणखी तापवतो."

"बाराही ठिकाणी?"

"बाराही."

ओथ्नियल तळघराच्या तोंडाशीच बसला. दोष आपला नव्हता, या विचाराने भरून आलेले डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

तेवढ्यात त्याची भावजय हेस्टर आली. "बसलास काय? यंदाचा मासा माझ्या तळघरात उतरव. उंचावर आहे, कोरडं आहे. घासायला मात्र तूच ये."

"वहिनी, मग तुझा तो कडू चहा प्यावा लागेल ना?"

"मग राहा उपाशी!" म्हणत तिने त्याच्या हातातलं खरवडायचं खुरपं काढून घेतलं आणि चालूही लागली.

ओथ्नियलने टोपी काढली. पोटभर जेवून उठलेला पाहुणा यजमानाला सांगतो, तसं त्या काळोखाकडे वाकून म्हणाला, "माझ्या आईपासून माझ्या नातवंडांपर्यंत सगळ्यांना जेवू घातलंस. खूप झालं."

त्याने झाकण लावलं. कुलूप मात्र खिशात टाकलं; यजमानाच्या दाराला पाहुणा कुलूप लावत नसतो.