सात नंबरची बस आणि एक्केचाळीस हजेऱ्या

मित्रांनो, मी बसथांबा आहे. वयाने जुना, पत्र्याने त्याहून जुना. गेल्या अकरा वर्षांत माझ्यापाशी एकही बस थांबलेली नाही, आणि तरीही मी कामावर आहे. असं किती जणांना छाती पुढे काढून सांगता येईल?

माझा जन्म एका वर्कशॉपमधला. दोन लोखंडी खांब, वर पत्रा, खाली लाकडी बाक आणि कपाळावर ७ हा आकडा. मोठ्या रस्त्यावर मी चौदा वर्षं इमानेइतबारे काढली. मग रस्ता रुंद झाला आणि मी आड येऊ लागलो. भंगारात निघालो होतो, तेवढ्यात एका केंद्राच्या संचालिकेने टेम्पो अडवला.

"हा मला हवाय."

"अहो, तुमच्या गल्लीत बस शिरत नाही," टेम्पोवाला म्हणाला.

"म्हणूनच हवाय."

ते केंद्र स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांचं. घरचे सकाळी सोडायचे, संध्याकाळी न्यायचे. पण दुपारी चार वाजले की सगळ्यांना एकदम घरी जायची घाई व्हायची. ते घर कधीकधी पन्नास वर्षांपूर्वी पाडलेलं असायचं. दार अडवलं की रडारड. म्हणून मला फाटकाबाहेर, बंद गल्लीच्या टोकाला उभं केलं. पुढे नुसती भिंत. तिथली सेविका, जिला सगळे ताई म्हणायचे, त्यांना माझ्यापाशी आणून बसवायची. "बसा, येईलच." मग गप्पा व्हायच्या, चहा यायचा आणि घाई कुठे गेली ते कुणालाच आठवायचं नाही.

खरं सांगतो, मला लाज वाटायची. आयुष्यभर खरी बस थांबवली आणि म्हातारपणी थापा मारायची नोकरी लागली.

माझ्या बाकावर दोघं ठरलेले. एक ड्रायव्हरकाका. त्यांनी जन्मभर बस चालवली होती, त्यामुळे न आलेल्या बसच्या उशिरावर ते रोज तापायचे. दुसऱ्या निवृत्त शिक्षिका, बाई. बाईंना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नसे, पण हजेरी चुकत नसे. केंद्रात कुणालाच वार लक्षात राहत नाही, म्हणून ताई सकाळी फळ्यावर तारीख लिहायची. बाई ती वहीत उतरवायच्या आणि चार वाजता हजेरी घ्यायच्या. ड्रायव्हरकाका, हजर. ताई, हजर. बसथांबा, हजर. मला विद्यार्थी समजणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

मग एके दिवशी निळा शर्ट आला. आत तरुण माणूस होता. त्याने ताईला लग्नाचं विचारलं होतं आणि ताईने स्वच्छ शब्दांत नाही म्हटलं होतं. त्याला ते ऐकू गेलं, पटलं मात्र नाही. तो रोज चारला माझ्या बाकावर येऊन बसू लागला आणि सुट्टी झाली की तिच्या मागोमाग तिच्या घरापर्यंत जाऊ लागला.

"नाव काय रे तुझं?" बाईंनी विचारलं. तो ताईकडेच बघत राहिला. बाईंनी लिहिलं: नवीन मुलगा. निळा शर्ट. हजर. दप्तर नाही.

ताई चौकीत गेली. "हात लावतो का? धमकी देतो?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही. फक्त रोज येतो. रोज मागे येतो."

अधिकाऱ्यांनी त्याला बोलावून जबाब घेतला. तो म्हणाला, "मी सात नंबरच्या बसची वाट बघतो."

"आता थांब्यावर बसल्याबद्दल कुठला कायदा लावू, ताई?"

केंद्रातल्या लोकांच्या घरचे घाबरले. समितीची बैठक झाली आणि तोडगा निघाला: केंद्र बंद. मित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. मागे लागला तो, आणि कुलूप लागलं आम्हाला.

नऊ महिने गेले. ड्रायव्हरकाका चार वाजले की घराचं दार बडवायचे. त्यांना सांभाळायला मुलीने नोकरी सोडली. ताई एका दुकानात लागली, तर निळा शर्ट तिथे समोर उभा. माझ्यावर कुणीतरी केस वाढवण्याच्या तेलाची जाहिरात चिकटवली. मला केस नाहीत.

मग नवा कायदा झाला. नको म्हटल्यावरही सबळ कारण नसताना पुन्हा पुन्हा मागे जाणं, वाटेत घुटमळत राहणं, हाच गुन्हा. तो हात लावेपर्यंत थांबायचं नाही. त्याला दूर ठेवण्याचा हुकूमही मागता येतो, आणि त्यासाठी आधीचं वागणंही बघतात. "पण तारखा लागतील," अधिकारी म्हणाले.

तारखा कुणाकडे असणार? संचालिकांनी घरोघरी फोन केले. तेव्हा बाईंचा मुलगा एक वही घेऊन आला. "आईची आहे. रद्दीत टाकणार होतो, तिने हात धरला." निळा शर्ट, हजर. एक्केचाळीस वेळा, तारखेसकट.

"विसरभोळ्या बाईचं काय खरं मानता?" निळा शर्ट म्हणाला. "मी बससाठी आलो होतो."

अधिकारी त्याला घेऊन माझ्यापाशी आले. त्यांनी माझा आकडा वाचला. समोरची भिंत हाताने चाचपली. हात पसरून गल्लीची रुंदी मापली. दोन्ही तळवे भिंतींना टेकले.

"मॅडम, इथे शेवटची बस कधी आली?"

"कधीच नाही," संचालिका म्हणाल्या.

"मग एक्केचाळीस दिवस हा कसली वाट बघत होता?"

निळा शर्ट माझ्याकडे बघू लागला. अकरा वर्षं खोटा असल्याची लाज त्या दिवशी फिटली.

हुकूम निघाला: ताईच्या, दुकानाच्या आणि गल्लीच्या आसपास फिरकायचं नाही. केंद्र उघडायचं ठरलं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "खबरदारी म्हणून हा थांबा काढून टाकू. ताईंनीही जरा दुसऱ्या रस्त्याने यावं."

"मी याच रस्त्याने येणार," ताई म्हणाली. "थांबाही इथेच राहणार. जायचं होतं ते त्याने."

मित्रांनो, कुणी नाही म्हटलं की ते पहिल्यांदाच ऐका. आणि तुमच्या गल्लीत असं काही घडलं, तर कुलूप लावण्याआधी चुकलं कोण ते बघा. माझा पत्रा गंजलाय, मला रंग द्या असं मी म्हणणार नाही. मला चार वाजता माणसं द्या.

माणसं आली. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरकाका तापले: "नऊ महिने उशीर! कंट्रोलरला बोलवा!" बाईंनी वही उघडली.

"निळा शर्ट?"

"गैरहजर, बाई," ताई म्हणाली.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि पट्टी लावून ओळ खोडली. "पटावरून नाव कमी. बसथांबा?"

हजर, बाई.